पाऊलसजा

वाघजाईच्या वळणावर गाडी आली की ड्रायव्हरनं एक हॉर्न द्यायचा, स्टीअरिंगवरचे दोन्ही हात काढायचे आणि उजवीकडे कड्यात कोरलेल्या देवळीकडे बघून ते जोडायचे. हा रिवाज त्या घाटात कधी पडला ते कुणालाच ठाऊक नाही, पण त्याला कारण मात्र होतं. सगळ्या घाटात बारा महिने दगड ढासळत असतात. कुठे माकडं पाडतात, कुठे पाऊस पाडतो, कुठे उन्हानं कडा तडकतो. या एका वळणावर मात्र सकाळच्या पहिल्या गाडीलासुद्धा कधी दगड आडवा आला नव्हता. वळण कसलं, नुसता कोपरा. डावीकडे गुडघ्याएवढा कठडा आणि त्याच्यापलीकडे थेट दरी. तिथे दगडावर चाक चढलं तर गाडी शोधायला दोर लावूनच उतरावं लागलं असतं. देवी आपलं अंगण झाडून ठेवते, असं ड्रायव्हर मंडळी म्हणायची आणि मनापासून हात जोडायची.

पुढे विजेवरच्या गाड्या आल्या आणि त्यांच्याबरोबर शहाणी स्टीअरिंगं आली. ती रस्त्याच्या पट्ट्यात गाडी आपली आपण धरून ठेवायची, पण माणसाचा हात सुटला की आधी टुकटुक करायची, मग बोंब मारायची, आणि तरीही ऐकलं नाही तर गाडी जागच्या जागी उभी करायची. माणसांनी भरलेली गाडी अशी भर वळणावर देवीसमोर थांबली की मागच्यांच्या शिव्या देवीलाच ऐकाव्या लागत. यावर घाटातल्या ड्रायव्हरांनी तोड काढली. वाघजाईचाच नारळ लाल फडक्यात बांधायचा आणि स्टीअरिंगला लटकवायचा. नारळाच्या वजनानं स्टीअरिंगला वाटायचं, हात आहे. आशीर्वादही गाडीत आणि गाडीचं तोंडही बंद. ही युक्ती कुणाच्या डोक्यातली यावर घाटावरच्या आणि घाटाखालच्या गावांत वाद होता, आणि दोन्हीकडे तिचा अभिमान होता.

संग्राम चौगलेच्या वडापला असाच नारळ होता. वडाप म्हणजे माणशी भाडं घेऊन फेऱ्या मारणारी जीप. संग्राम चाळिशीचा, अंगानं दांडगा आणि बोलायला गोड. आपल्या गाडीला आजवर कोंबडीसुद्धा लागली नाही, हे तो प्रत्येक नव्या पाशिंजराला ऐकवायचा. त्या सकाळी घाटात धुकं इतकं होतं की गाडीच्या कॅमेऱ्यांना नुसतं पांढरं दिसत होतं. संग्रामनं वेग कमी केला होता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. वळण आलं. त्यानं हॉर्न दिला, मान उजवीकडे वळवली आणि हात जोडले. नारळानं स्टीअरिंग धरून ठेवलं. आणि डावीकडे, कठड्याच्या बाजूला, गाडीला काहीतरी लागलं.

तो पळाला नाही. पाशिंजरांना उतरवून त्यानं गाडीपुढे पडलेल्या म्हाताऱ्याला उचललं, मागच्या सीटवर घातलं आणि तालुक्याच्या दवाखान्याकडे गाडी पळवली. कृष्णात सुतार नावाचा तो माणूस वाटेतच गेला. त्याची दुधाची किटली मात्र वळणावर राहिली होती. रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, कड्यापाशी, झाकण लावून नीट उभी केलेली. तिच्यातलं थेंबभर दूधही सांडलं नव्हतं.

खटला चालला तो रस्त्याच्या साक्षीवर.

ही साक्ष काय भानगड आहे ते इथेच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी त्या घाटात मोठी दरड कोसळली होती. पुन्हा कोसळण्याआधी कळावं म्हणून सरकारनं रस्त्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही कडांनी, काचेची तार पुरली, केसासारखी बारीक. तिच्यातून लेझरचे ठिपके सोडायचे, एका सेकंदात हजारो. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीकसारीक खोट राहतेच, आणि अशा प्रत्येक खोटीवर आपटून थोडासा प्रकाश मागे फिरतो. वर रस्ता हादरला की खालची तार ताणली जाते. किती, तर अणूच्या मापानं मोजावी इतकी. पण तेवढ्यानंही मागे येणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. तो किती वेळानं परतला यावरून जागा कळते, आणि किती बदलला यावरून धक्का केवढा होता ते कळतं. थोडक्यात, सगळ्या रस्त्याला हातहातभर अंतरावर कान उगवले.

दरडीची चाहूल घ्यायला लावलेले हे कान हळूहळू भलतंच काही ऐकू लागले. गाडीचा आवाज वेगळा, बैलाचा वेगळा, माणसाचा वेगळा, हे तर झालंच. पण माणसा-माणसाची चालसुद्धा वेगळी निघाली. कुणी टाच आपटतं, कुणी पंजावर चालतं, कुणाचा एक पाय मागे रेंगाळतो. ज्याची त्याची चाल म्हणजे ज्याची त्याची सही. तार पुरल्यापासूनची नऊ वर्षं घाटात चाललेलं प्रत्येक पाऊल, मेलेल्यांचं आणि जित्यांचं, घाटमाथ्यावरच्या एका बुटक्या इमारतीत साठवलेलं होतं. सरकारी पाटीवर तिचं नाव भूश्रवण केंद्र. लोक तिला कानघर म्हणत.

कोर्टानं कानघराला विचारलं, अपघाताच्या वेळी मयत कुठे होता. कानघरानं सांगितलं, बहुतेक वेळा तो कड्याच्या बाजूनं चालायचा. त्या वेळी मात्र रस्ता ओलांडून दरीच्या कठड्यापाशी गेला होता. तिथे जायचं काही कारण दिसत नाही. न्यायाधीशांनी संग्रामला दोषी धरलं. नारळ फडक्यासकट समोर टेबलावरच होता. पण धुक्यात, आंधळ्या वळणावर, मयत विनाकारण गाडीच्या वाटेत गेला म्हणून दोष वाटला गेला, आणि तुरुंगवासाऐवजी नव्या कायद्यातली शिक्षा देता येईल असं ठरलं. अट एकच, मयताच्या घरच्यांची संमती हवी.

त्या शिक्षेला लोकांनी पाऊलसजा असं नाव पाडलं होतं. गुन्हेगारानं कानघरात जायचं आणि मेलेल्या माणसाची रस्त्यानं जपलेली सगळी पावलं स्वतःच्या पायांनी चालायची. सगळी, म्हणजे अगदी सगळी, शेवटच्या सकाळपर्यंत. यात काही नवा पुरावा निघाला तर खटला पुन्हा उघडायचा. संग्रामच्या वाट्याला नऊ वर्षांची पावलं आली; रोज सहा तास चाललं तर सुमारे वर्षाचं काम. नाक्यावरच्या चहावाल्यानं यावर हसून घेतलं. डॉक्टर लोक फुकट चालायला सांगतात, म्हणाला, ह्याला कोर्टानं सांगितलं.

संमती दिली ती कृष्णातच्या बायकोनं, मालननं. कोर्टाच्या व्हरांड्यात तिनं संग्रामला गाठलं. बारीक अंगाची, पदर घट्ट खोचलेली बाई. संग्रामनं मान खाली घातली.

"वर बघ," मालन म्हणाली. "त्या सकाळी माझं आन् ह्यांचं वाजलं हुतं. म्हशीवरनं. गुडघं गेलं तुमचं, आता इका ती म्हस, म्हणून लई बोलले मी. चा कपात तसाच ठिवून गेलं."

"आक्का, माझं चुकलं," संग्राम म्हणाला.

"ते कोर्टानं सांगितलं मला. माझं आयकून घे. लोकं म्हणत्यात, किटली बाजूला ठिवून म्हातारा दरीत उडी टाकायला गेलता, तू नुसता निमित्त. तू तुरुंगात जाऊन बसलास तर मला काय कळणार हाय? म्हणून मी हो म्हणाले. तू चाल. चालून मला सांग, माझ्या बोलण्यानं गेलं, का कशानं."

एवढं बोलून ती एसटी गाठायला निघून गेली.

कानघरात तस्नीम मुजावर नावाची इंजिनिअर होती. तिनं संग्रामला चपला काढायला लावल्या आणि एका लांब, सरकत्या पट्ट्यावर उभं केलं. "कृष्णातकाकांचं पाऊल जिथे पडेल तिथे तुमच्या तळव्याला खालून ठोका लागेल," ती म्हणाली. "त्या ठोक्यावर पाऊल टाकायचं. ओझं असेल तर पट्टा जड होईल. पाऊल रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडलं ते समोरच्या पडद्यावर दिसेल. घाबरू नका."

पट्टा हलला. ठोका आला. टाच आधी, मग पंजाची बाहेरची कड, मग डावा पाय जरासा ओढत. पुन्हा टाच. फोटो नव्हे, आवाज नव्हे. एक मेलेला माणूस जमिनीच्या खालच्या बाजूनं, संग्रामच्या तळव्याला तळवा लावून चालत होता. उजवीकडे किटलीचं वजन होतं, तेसुद्धा कळत होतं. वाटेत एका जागी तो थांबला, बहुधा श्वास घ्यायला, तर संग्रामचाही श्वास तिथेच अडकला. दोन खेपा झाल्यावर तो घामाघूम होऊन खाली उतरला आणि भिंतीला टेकून बसला.

तस्नीमनं पाण्याची बाटली पुढे केली. "मी पहिल्यांदा चालून बघितलं, तेव्हा मला रडू फुटलं होतं," ती म्हणाली. "आपण बनवलेलं यंत्र आहे हे माहीत असूनसुद्धा."

दिवस जात राहिले आणि संग्राम चालत राहिला. सकाळी भरली किटली घेऊन वळणापलीकडच्या दूध संस्थेत जायचं, रिकामी घेऊन परत यायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. कृष्णातचं आयुष्य एवढ्याशा रस्त्यावर मावलं होतं, आणि तरी रोज वेगळं होतं. म्हैस आटली की किटली हलकी व्हायची. तापानं पडला असेल तेव्हा दोन-चार दिवस पावलंच नसायची, मग यायची ती अडखळत. एका संध्याकाळी ती भलतीच उडत आली. मधेच गिरकीसारखं काहीतरी झालं. त्या दिवशी म्हशीला रेडी झाली असेल, नाहीतर लेकीला मुलगी. काहीतरी गोड घडलं होतं हे संग्रामच्या तळव्यांना समजलं आणि तो पट्ट्यावर एकटाच हसला. आपण कुणाच्या आनंदात शिरलो आहोत हे लक्षात आल्यावर मात्र त्याला लाज वाटली.

आणखी एक गोष्ट होती. रोज सकाळी एका ठरावीक वेळी पावलं कड्याला चिकटायची आणि उभी राहायची.

"मॅडम, हितं का थांबत्यात?"

तस्नीमनं पडद्यावर बघितलं. पट्ट्यावर फक्त माणसाची पावलं उतरत. बाकीचे आवाज आधीच गाळलेले असत. पण गाड्यांची वेळ तिला दिसत होती. "गाडी जातेय म्हणून. वाट देताहेत." मग वेळा ताडून ती म्हणाली, "तुमचीच वडाप आहे. जवळजवळ रोज."

संग्रामनं आठवून बघितलं. नऊ वर्षं हा माणूस रोज त्याच्यासाठी बाजूला उभा राहिला होता, आणि संग्रामला त्याचा चेहरा आठवत होता तो फक्त मागच्या सीटवरचा. रोज त्या जागी त्याची नजर पुढच्या देवळीवर असायची.

अर्धं वर्ष उलटल्यावर त्याच्या दुसरं एक ध्यानात आलं, आणि त्यानं त्याची झोप उडवली. आठवड्यातून एकदा-दोनदा, पावसाळ्यात तर रोज, वाघजाईच्या वळणावर पावलं कड्याची बाजू सोडायची. रस्त्याच्या मध्यावर जायची. तिथून दरीच्या कठड्यापाशी. तिथे थांबायची. आणि मग परत यायची.

म्हणजे लोक म्हणतात ते खरं होतं. हा माणूस वर्षानुवर्षं दरीच्या तोंडाशी जाऊन उभा राहत होता, आणि दर वेळी जीव होत नाही म्हणून माघारी फिरत होता. मालनला हे कसं सांगायचं, ते संग्रामला सुचेना. मनाच्या एका कोपऱ्यात मात्र सुटल्यासारखंही वाटत होतं. म्हातारा नाहीतरी जाणारच होता. आपली गाडी निमित्त.

घरी त्याच्या बायकोला, अश्विनीला, निराळीच काळजी लागली होती. एका संध्याकाळी ती चुलीपाशी बसली होती, बाहेर अंगणात पावलं वाजली, आणि तिनं आतूनच विचारलं, "कोण हाय? बसा बाबा, हे येतीलच आता." बाहेर येऊन बघते तर नवराच.

"अवो, असं काय चालताय?" ती म्हणाली. "मला वाटलं कोण म्हातारं माणूस आलंय."

"कसं चालतोय?"

"पाय वढत. तुमचा पाय नव्हं ह्यो."

त्यानं अंगणात चार पावलं सरळ टाकून बघितली. टाच आधी, कडेवर पंजा, डावा पाय ओढत. सरळ चालायचं म्हटलं तर आठवावं लागत होतं.

उलगडा झाला तो पाठदुखीनं. कठड्याकडे जायची पावलं आली की दुसऱ्या दिवशी संग्रामची कंबर धरायची. परतीच्या पावलांनी धरत नसे, बाकीच्या वाटेनं धरत नसे. फक्त मध्यापासून कठड्यापर्यंतच्या तेवढ्या तुकड्यानं. एकदा त्यानं लक्ष देऊन बघितलं. तिथे पट्टा एकदम जड व्हायचा. पावलं आखूड पडायची, फेंगडी पडायची, टाचा जमिनीत रुतायच्या. त्यांच्यावर पाऊल टाकताना त्याचे हात आपोआप पोटाशी आले होते, बोटं खालून वळलेली. संग्राम पट्ट्यावर थबकला. ही चाल त्याच्या ओळखीची होती. पंक्चर झाल्यावर स्टेपनी उचलून नेताना माणूस असाच चालतो.

जीव द्यायला निघालेला माणूस ओझं घेऊन जात नाही. आणि घाटात रस्त्याच्या मध्यावरून उचलून दरीत टाकावं असं एकच असतं.

संग्राम खाली उतरला. पट्टा थांबला. देवी आपलं अंगण झाडून ठेवते, असं तो हजार वेळा बोलला होता. हजार वेळा त्यानं हात जोडले होते, आणि ते भलतीकडे. झाडणारा कड्याला चिकटून उभा असायचा, गाडीला वाट देत.

घरी त्यानं अश्विनीला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "किती दिवस राहिले?"

"पंधराएक."

"मग चाला आन् मोकळे व्हा. त्या आक्कांना जाऊन सांगा, दगड काढायला गेलते म्हणून. कोर्टात कशाला?"

"नुसतं सांगून त्यांना पटंल? मीच त्यांना मारलंय आन् मीच सांगणार. म्हणतील, बरं वाटावं म्हणून बोलतोय. शेवटच्या सकाळचा दगड कानघरात आसंल. त्यो काढायला लावला तर खरं कळंल."

"आन् मग?"

"मग ते विनाकारण गेलते असं राहत न्हाई. दोष सगळा माझा."

अश्विनीनं भाकरी तव्यावर टाकली ती उलटायची विसरली. "आपलं कसं व्हायचं, ह्याचा काय इचार?" एवढंच ती म्हणाली. जळक्या भाकरीचा वास घरभर झाला तरी दोघं तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं तस्नीमला विचारलं. तिनं खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"दगडांचे आवाज आम्ही गाळतो," ती म्हणाली. "मोठी दरड असेल तर इशारा जातो, हातात मावणारे दगड यंत्र कचरा म्हणून बाजूला टाकतं. पण टाकलेलं नष्ट होत नाही. तारेतून आलेला मूळ प्रकाश जसाच्या तसा ठेवलेला असतो. कोर्टानं माणूस कुठे होता ते विचारलं, काय करत होता ते विचारलं नाही, म्हणून कुणी उघडून बघितलं नाही. मी उघडलं तर ते कोर्टाकडे जाणार. मला अडवता येणार नाही. तुम्ही मागितलं नाहीत, तर पंधरा दिवसांनी तुम्ही सुटलात. विचार करा."

"केलाय," संग्राम म्हणाला. "उघडा."

शेवटची सकाळ त्या दिवशी त्यांनी आधीच लावली. या खेपेला काहीच गाळलं नव्हतं. संग्राम अनवाणी पट्ट्यावर उभा राहिला आणि घाट त्याच्या पायाखाली जिवंत झाला. धुक्यातून ठिबकणारं पाणी, झाडांच्या मुळांची कुरकुर, खोल कुठेतरी डोंगराचाच एक संथ घरघराट, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. आपण ज्याच्यावरून रोज गाडी हाकत होतो ते इतकं जागं होतं, हे त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्या सगळ्यातून ओळखीची पावलं आली. जरा फणकाऱ्यात होती, घरून भांडून निघालेल्या माणसाची असतात तशी. वळणावर, वर कड्यात काहीतरी सुटलं. धप्प. एक भलामोठा धोंडा रस्त्यावर येऊन पडला, गडगडत मध्याच्या पुढे गेला आणि संग्रामच्या गाडीच्या रोजच्या वाटेत थांबला. पावलंही थांबली. किटली खाली टेकल्याचा बारीक आवाज झाला. मग पावलं धोंड्याकडे गेली. पट्टा जड झाला. आखूड, फेंगडी पावलं पडू लागली.

आणि खालून, लांबून, एका गाडीची थरथर सुरू झाली. संग्रामनं ती लगेच ओळखली. पुढचं डावं चाक जरा खडखडायचं तिचं.

हॉर्न वाजला. पावलं क्षणभर थबकली. तो क्षण संग्रामला आयुष्यभर पुरला. धोंडा तिथेच टाकून मागे कड्याकडे पळायला वाव होता. रोज कृष्णात हॉर्न ऐकला की बाजूला व्हायचाच. पण टाकलेला धोंडा गाडीच्या वाटेत राहिला असता, आणि गाडीत माणसं असणार हे त्याला ठाऊक होतं. पावलं मागे फिरली नाहीत. पुढे गेली, जवळजवळ धावत, एवढं ओझं घेऊन. कठड्याशी पोचली. पट्टा एकदम हलका झाला. धोंडा खाली गेल्याचं तारेनं ऐकलं. एकदा आपटला, खोलवर दुसऱ्यांदा, आणि त्याच्याही खाली एकदा. तोवर गाडी आली होती.

पट्टा शांत झाला. संग्राम उभाच होता. त्याचे हात पोटाशी तसेच धरलेले होते. गाडीतली सगळी माणसं, आणि तो स्वतः, त्या सकाळपासून आजपर्यंत जे काही जगले होते ते या चार पावलांवर जगले होते. त्याला हुंदका फुटला आणि त्यानं तो दाबला नाही.

मालनच्या घरी तो स्वतः गेला, तस्नीमला बरोबर घेऊन. सगळं ऐकल्यावर मालन आपले तळहात उघडून बघत राहिली.

"ह्यांचं हात सोललेलं असायचं," ती म्हणाली. "मी इचारायची, तर म्हशीच्या दाव्यानं, म्हणायचं. मी खरं धरायची." मग ती म्हणाली, "म्हंजे रागात गेलं, पर जीव द्यायला न्हाई गेलं."

"न्हाई, आक्का."

"आन् तुला आता?"

"आत जावं लागंल. तुरुंगात."

मालननं मान हलवली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि संग्रामनंही तशी अपेक्षा धरली नव्हती.

खटला पुन्हा उघडला. वाटून दिलेला दोष परत गोळा झाला, आणि संग्राम काही वर्षांसाठी कळंब्याच्या तुरुंगात गेला. गाडी चालवायचं लायसन तर कायमचं गेलं. तो आत असताना वाघजाईच्या वळणावर दगड दिसू लागले. देवी कोपली, असं काही जण म्हणाले. ज्यांना खरी गोष्ट कळली होती ते गप्प राहिले. काही गाड्यांचे नारळ सुटले, काहींचे तसेच राहिले. माणसं ती माणसंच.

सुटून आला त्याच्या दुसऱ्या दिवशी संग्राम उजाडायच्या सुमाराला घराबाहेर पडला. अश्विनीनं कुठे निघालात म्हणून विचारलं नाही. फक्त गोणपाटाचे दोन तुकडे काढून दिले, हाताला गुंडाळायला. धुकं होतं. वळणावर तीन दगड होते. दोन त्यानं पायानं सरकवले, तिसरा पोटाशी उचलून कठड्यापलीकडे सोडला, आणि तो खाली जाईपर्यंत कान देऊन उभा राहिला. मग देवळीकडे न बघता परत निघाला. त्यानंतर तो रोजच जाऊ लागला.

आठवडाभरानं एका सकाळी तो मालनच्या दारावरून चालला होता. तिचं घर रस्त्याला लागूनच. आतून भांडं वाजलं, घाईघाईनं कडी निघाली आणि दार उघडलं. मालन हातात चहाचा कप घेऊन उंबऱ्यावर आली होती. वाफ निघत होती. तिचा चेहरा उजळलेला होता, आणि धुक्यातून संग्राम दिसल्यावर तो तसाच राहिला, फक्त डोळे बदलले.

"पावलं आयकली," ती म्हणाली. "चूल सोडून उठले." पुढचं वाक्य तिनं गिळलं.

तेवढ्यात संग्रामच्या खिशातला फोन वाजला. तस्नीमचा होता. मालनलाही ऐकू यावं म्हणून त्यानं फोन मोठ्या आवाजावर केला.

"संग्रामभाऊ, वाघजाईच्या वळणावर रोज सकाळी तुम्ही जाता का?"

"व्हय."

"आठ दिवस मी डोळे चोळून पडदा बघतेय. यंत्र घाटातल्या प्रत्येक पावलाला नाव लावतं. तुमच्या पावलांना त्यानं तुमचं नाव लावलेलंच नाही. टाच, पंजा, ओढता डावा पाय, सगळं ताडून बघून ते म्हणतंय, कृष्णात सुतार. मी दोनदा तपासून घेतलं, तरी तेच. ही चूक आहे. मी दुरुस्त करू शकते. त्यांचं नाव काढून तुमचं टाकू का?"

संग्रामनं मालनकडे बघितलं. उत्तर देणं त्याच्या हातात नव्हतं.

मालननं रस्त्याकडे पाहिलं, जिथे त्याची पावलं नुकतीच पडली होती. मग कप त्याच्यापुढे धरला.

"राहू दे म्हणावं तिला," ती म्हणाली. "आन् तू चा घे. निवतोय."